भाड्याच्या घरात न विचारता कुणी शिरू नये म्हणून : ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

घणसोलीत मी पहिल्यांदा भाड्याने राहिले तेव्हा तुर्भ्याच्या एका लॅबमध्ये नाईट ड्युटी होती. सकाळी आठला घरी यायचं, दोन घास खायचे आणि पडदे ओढून झोपायचं. एका दुपारी अंघोळ करून केस पुसत बाहेर आले तर हॉलमध्ये तीन माणसं उभी. एक घरमालक, बाकीचे दोघं अनोळखी. त्यातला एक जण माझे वाळत घातलेले कपडे हाताने बाजूला सारून मागची भिंत ठोकून ओल बघत होता. मालकांच्या हातात किल्ली होती, लाल नाडी बांधलेली. "बेल वाजवली होती गं, तू उघडलं नाहीस. पार्टीला घर दाखवायचं होतं," ते म्हणाले. मी ओल्या केसांनी तशीच उभी राहिले आणि म्हणाले, "बरं काका."

ते "बरं काका" मला फार दिवस टोचत राहिलं. रात्री झोप लागेना. दाराला आतून खुर्ची लावायला लागले. नंतर ऐरोलीत आणि आता ठाण्यात कासारवडवलीला मिळून चार घरं बदलली, करार वाचायला शिकले, एकदा पोलीस ठाण्याची पायरीही चढले. बार्शीहून, लातूरहून, जळगावहून इकडे नोकरीला येणाऱ्या मुलामुलींना मी हेच सगळं फोनवर सांगत असते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

घर मालकाचं असतं, हे खरं. पण करार करून, डिपॉझिट आणि भाडं घेऊन त्याने ते तुम्हाला राहायला दिलं, की त्या मुदतीत आत कोण येणार हे तुम्ही ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. एवढा मोठा निकाल दारात उभं राहून कुणी वाचून दाखवत नाही. तिथे कामाला येतात ते कागद, कुलूप आणि वेळेवर बोललेली चार वाक्यं.

१. टोकन देण्याआधी कराराचा मसुदा मागा

एजंट घर दाखवतो, तुम्हाला पसंत पडतं आणि तो म्हणतो, "आत्ता पाच हजार टोकन द्या, नाहीतर संध्याकाळी दुसरी पार्टी घेईल." इथेच थांबा. टोकन देण्याआधी कराराचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि त्यात दोन जागा शोधा.

पहिली जागा पाहणीच्या कलमाची. बहुतेक छापील लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या) करारांत "मालकास योग्य वेळी जागेची पाहणी करण्याचा अधिकार राहील" अशा अर्थाचं एक वाक्य असतं. योग्य वेळ म्हणजे कोणती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मालकांना दुपारचे दोन योग्य वाटले होते. ते वाक्य असं बदलून घ्या : "किमान २४ तास आधी मेसेज किंवा फोनवरून कळवून, राहणाऱ्याच्या सोयीच्या वेळी आणि त्याच्या उपस्थितीत मालक पाहणी करू शकेल. आग, गॅसगळती किंवा पाणी फुटणे अशा तातडीच्या प्रसंगी ही अट लागू राहणार नाही." शेवटचं वाक्य मुद्दाम घालायचं. पाईप फुटून खालच्या मजल्यावर पाणी ठिबकत असेल आणि तुम्ही गावी असाल, तर मालकाला आत जाता आलंच पाहिजे. हे वाक्य असलं की चांगला मालक हरकत घेत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्याने हरकत घेतली ते घर मी सोडून दिलं.

दुसरी जागा ताब्याची. "जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील" असं बहुतेक करारांत असतं. तुम्ही उद्या कूळ म्हणून हक्क सांगू नये यासाठी ते वाक्य आहे. ते काढायला मालक तयार होणार नाही आणि त्यावर भांडूही नका. मात्र दारात वाद झाला की "ताबा माझा आहे, मी कधीही येईन" असं म्हणायला याच वाक्याचा आधार घेतला जातो. पाहणीचं कलम वेगळं आणि स्पष्ट लागतं ते याचसाठी.

शिवाय किल्ल्यांची संख्या लिहून घ्या. मुख्य दाराच्या किती किल्ल्या आहेत, तुम्हाला किती दिल्या, मालकाकडे किती राहिल्या. एजंटकडे एक असेल तर ती परत घ्या. माझ्या ऐरोलीच्या घराची एक किल्ली आधीच्या भाडेकरूच्या स्वयंपाकवाल्या ताईंकडे होती. त्यांनीच मला ती प्रामाणिकपणे आणून दिली म्हणून कळलं.

२. करार नोंदवून घ्या, नोटरीवर भागवू नका

ही सगळ्यात मोठी फसगत आहे, विशेषतः गावठाणातल्या इमारतींत. घणसोली गाव, तळवली, गोठिवली, कोपरखैरणे गाव, ठाण्याकडे कळवा, या भागांत भाडं जरा कमी असतं आणि करार पुष्कळदा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून उरकतात. कधी तेवढंही नसतं, डिपॉझिट रोख आणि सगळं तोंडी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कलमात तुमच्या बाजूचीही एक गोष्ट आहे : नोंदणी झालेली नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कागद नाही म्हणून तुम्ही अगदीच उघड्यावर नाही. पण रात्री अकरा वाजता दारात कुणी उभं असताना हे समजावत बसायला वेळ नसतो, नोंदणीचा कागदच पुढे करता आला पाहिजे.

खर्चाचं म्हणाल तर भाडं अठरा हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने असं धरा. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे पाचशे-सव्वापाचशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर एजंटचा आकार, तो आधी ठरवून घ्या. नोंदणी ऑनलाइन होते. माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, तुमचे, मालकाचे आणि दोन साक्षीदारांचे आधारवरून ठसे घेतो आणि काही दिवसांत करार पीडीएफमध्ये येतो.

जवळ ठेवायचे कागद असे :
- नोंदणीकृत कराराची पीडीएफ, फोनमध्ये आणि एक प्रिंट घरात
- डिपॉझिट आणि दर महिन्याच्या भाड्याची बँकेतली नोंद (रोख देऊच नका)
- पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची पोच
- मालकाच्या आधारची किंवा पॅनची प्रत आणि घर त्याचंच असल्याचा कागद, निदान वीजबिल
- किल्ल्यांची यादी, मालकाच्या सहीची किंवा त्याच्या नंबरवरून आलेल्या मेसेजची

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं मालकाचं काम आहे आणि तेही ऑनलाइन होतं. पोच मात्र तुम्ही मागून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुम्ही त्या पत्त्यावर कधीपासून राहता हे त्या एका कागदावरून लगेच कळतं.

३. राहायला गेल्या दिवशीच कुलूप बघा

दार बदलायचं नाही, तोडायचं नाही. नाईट लॅच किंवा मॉर्टिस लॉक असेल तर आतला फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलता येतो. हार्डवेअरच्या दुकानात कुलपाचा फोटो दाखवा, दुकानदार माप सांगतो आणि सुताराचं अर्ध्या तासाचं काम असतं. आधी मालकाला मेसेज करा : "काका, आधीच्या लोकांकडे किल्ल्या राहिल्या असतील म्हणून स्वखर्चाने सिलिंडर बदलते आहे. जुना जपून ठेवते, जाताना परत बसवून देईन." मी तीन घरांत हा मेसेज केला आणि तिन्ही वेळा "ठीक आहे" असं उत्तर आलं. ते उत्तर पुसू नका.

मालकाला नव्या कुलपाची किल्ली हवी असेल तर ती बंद पाकिटात द्या, तोंडावर दोघांच्या सह्या. तातडीची वेळ आली तर पाकीट फोडायचं. माझ्या सध्याच्या मालकीणबाईंकडे असं पाकीट दोन वर्षं तसंच आहे.

सिलिंडर बदलणं जमलं नाही तर निदान आतून टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी लावा. लॅच बाहेरून किल्लीने उघडतो, पण आतला बोल्ट सरकवलेला असेल तर दार हलत नाही. दिवसा झोपणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. मला त्या दुपारी एक बोल्ट पुरला असता. सेफ्टी डोअर असेल तर त्याची साखळी लावूनच बोलायचं. आपण बाहेर असताना घरात कोणी शिरतं अशी शंका असेल तर दाराकडे तोंड केलेला छोटा वायफाय कॅमेरा घरातच ठेवा. पॅसेजमध्ये लावायचा झाला तर शेजाऱ्यांचं दार त्यात दिसू देऊ नका. आपल्याला जे नको ते त्यांच्याही वाट्याला येऊ नये.

४. पहिल्या आठवड्यात घर तपासा

आयतं सामान असलेलं घर असेल तर बेडरूम आणि बाथरूम नीट बघा : स्मोक डिटेक्टर, घड्याळ, चार्जरसारखी दिसणारी वस्तू, गिझरच्या वरची भोकं. अंधार करून टॉर्च फिरवली की कॅमेऱ्याची काच चमकते. काही सापडलं तर हात लावू नका, काढू नका. फोटो घ्या, खोलीबाहेर या आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. स्त्रीचं असं चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद आहे.

५. दारात काय बोलायचं ते आधी ठरवा

कागद आणि कुलूप एका दिवसात होतं, बोलणं जमायला मला वर्ष लागलं. आपल्याकडे दारात आलेल्याला "या, बसा" म्हणायची सवय अंगात मुरलेली असते, त्यात समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा. नाही म्हटलं की उद्धट ठरू, घर जाईल, असं वाटतं. म्हणून वाक्यं तयार ठेवा आणि गोड पण मोकळ्या आवाजात म्हणा.

मालक न कळवता आले तर : "काका, आत्ता जमणार नाही. उद्या संध्याकाळी सातला या, मी घरी आहे." कारण देऊ नका. झोपले होते, पसारा आहे, मैत्रीण आली आहे, यातलं एकही कारण दिलं की समोरचा ते कारण खोडून काढतो. "अगं पसारा काय, आपलंच घर आहे," म्हणत पाय आत टाकतो. कारणच नसलं की खोडायला काही उरत नाही.

ते गेल्यावर लगेच मेसेज करा : "काका, आज साडेतीनला आपण न कळवता आला होता. करारातल्या कलमाप्रमाणे एक दिवस आधी कळवावं ही विनंती." भाषा नम्र, तारीख-वेळ पक्की. असे तीन मेसेज साठले की तीच तुमची डायरी होते.

सोसायटीच्या कमिटीचं थोडं वेगळं आहे. "बॅचलर लोकांकडे मुली येतात म्हणे" असं म्हणत रात्री दोन-तीन सभासद दारात येतात, हे ठाण्यात मी माझ्या शेजारच्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे) सचिव आणि कमिटी सदस्यांना फ्लॅटची स्थिती, दुरुस्तीची गरज बघता येते, तीही आधी सूचना देऊन. तुमच्याकडे कोण आलं आहे हे तपासायला आत यायचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यांना म्हणा, "लेखी द्या, मालकांना कॉपी करा, उद्या बोलू." पाहुण्याची गेटवर नोंद करायला मात्र ना म्हणू नका, तो सोसायटीचा रास्त नियम आहे.

गॅस मीटर, पेस्ट कंट्रोल, वॉटर प्युरिफायरवाले आले तर ओळखपत्र बघा आणि गेटवर इंटरकॉमवरून विचारा. तुम्ही बोलावलं नसेल तर साखळीच्या आतूनच परत पाठवा.

६. नोटीस पिरियडमध्ये वेळा ठरवून द्या

घर सोडायचं कळवलं की एजंटांची रीघ लागते. तीन-तीन एजंट, दिवसभर फोन, कुणी थेट दारात. मालकाला नवा माणूस शोधायचाच असतो, त्यात अडवणूक करू नका. पण तुमच्याकडून एक मेसेज जाऊ द्या : "मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सात ते आठ, रविवारी अकरा ते एक. मी घरी असतानाच. आतल्या खोल्यांचे फोटो, व्हिडिओ काढू नयेत." फोटोचं मुद्दाम लिहा. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या पलंगावरची चादर, भिंतीवरचे घरचे फोटो, कपाटावर चिकटवलेलं ऑफिसच्या कॅबचं वेळापत्रक, सगळं एका जाहिरातीत दिसलं. ती घरातून किती वाजता निघते हे कुणालाही वाचता येत होतं.

७. नको म्हटल्यावरही कुणी आत शिरलं, किंवा निघेना

आधी अंगावरचा धोका. एकटे असाल आणि माणूस आक्रमक असेल तर वाद घालत आत थांबू नका, पॅसेजमध्ये या, शेजाऱ्यांची बेल वाजवा, ११२ लावा. पत्ता नीट सांगा. नवी मुंबईत सेक्टर नंबर, प्लॉट नंबर आणि नोड (घणसोली, ऐरोली असा भाग) हे तिन्ही लागतं, नुसतं "सेक्टर पाच" म्हटलं तर ते ऐरोलीतही आहे आणि घणसोलीतही. हा पत्ता लिहून फ्रिजवर चिकटवा, घाबरल्यावर आठवत नाही.

धोका नसेल तर फोनवर रेकॉर्डिंग चालू करून एकदा स्पष्ट म्हणा : "मी तुम्हाला आत बोलावलेलं नाही. कृपया बाहेर जा." हे वाक्य महत्त्वाचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या, धाक दाखवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने शिरणं हा अतिक्रमणाचा गुन्हा आहे. नीट परवानगीने आत येऊन मग त्याच हेतूने बेकायदा थांबून राहणं, हेही त्यातच येतं. राहत्या घरात असं शिरलं तर एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असं शिरण्यासाठी कुलूप उघडलं असेल तर ती घरफोडी धरली जाते आणि शिक्षा वाढते. घरफोडीला काहीतरी चोरीला जावंच लागतं असा आपला समज असतो, तो चुकीचा आहे.

पोलीस ठाण्यात तुम्हाला बहुधा ऐकवलं जाईल की हा मालक-भाडेकरूचा वाद आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा. मलाही तेच सांगितलं गेलं आणि मी तशीच परतले. दुसऱ्या वेळी वकील असलेल्या मैत्रिणीला विचारून गेले. भाडं किती, डिपॉझिट किती, यातलं काही बोलायचं नाही. ते बोललात की वाद दिवाणी झालाच. अर्जात फक्त एवढंच लिहा : अमुक तारखेला, अमुक वाजता, मी घरात असताना किंवा नसताना, अमुक व्यक्ती माझ्या परवानगीशिवाय किल्लीने दार उघडून माझ्या राहत्या घरात शिरली, जा म्हटल्यावर गेली नाही, मला भीती वाटली. सोबत करार, मेसेज, रेकॉर्डिंग. घरात शिरण्याचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन पाठवत असतील तर एफआयआर नोंदवा असं लेखी मागा आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या.

हद्दीत गोंधळ होतो. रबाळे आणि रबाळे एमआयडीसी ही दोन वेगळी पोलीस ठाणी आहेत, नाव सारखं म्हणून लोक चुकीच्या ठिकाणी जातात. पण कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो आणि तो मग योग्य ठाण्याकडे जातो, त्यामुळे "आमच्या हद्दीत नाही" एवढ्यावर परत फिरू नका. तरीही नोंद झाली नाही तर त्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्ह्याची नोंद आणि तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १७३ मध्येच वरिष्ठांकडे आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जायची ही वाट दिलेली आहे. माझ्या वेळी उपायुक्त कार्यालयाकडून फोन गेला आणि दोन दिवसांत माझा जबाब घेतला. त्यानंतर मालक माझ्या दारात आले नाहीत.

८. मुदत संपल्यावर अडून बसू नका

रागाच्या भरात "आता घर सोडतच नाही" असं करणारे मी पाहिले आहेत. मुदत संपल्यावर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊन घर खाली करून घेऊ शकतो आणि त्या काळाचं दुप्पट शुल्क तुमच्यावर लागतं. तोवर न कळवता आत येण्याची जी चूक त्याची होती, ती बाजूला पडते. दुसरीकडे, मालकानेही तुमचं सामान बाहेर काढून कुलूप लावायचं नाही, त्याला हीच कायद्याची वाट धरावी लागते. तसं झालंच तर कुलूप तोडू नका, दाराचा आणि सामानाचा व्हिडिओ घ्या आणि ११२ लावून पोलिसांना तिथेच बोलवा.

निघायच्या दिवशी सुताराला बोलावून जुना सिलिंडर परत बसवा. रिकाम्या घराचा खोल्याखोल्यांतून व्हिडिओ घ्या, मीटरचं रीडिंग टिपा. मालकासमोर किल्ल्या मोजून द्या आणि कागदावर सही घ्या : तारीख, वेळ, किल्ल्या किती, डिपॉझिट किती परत मिळालं. बंद पाकीट न फोडता परत आलं असेल तर तेही लिहा.